गळ घशात गेला तर? वाचकांचे प्रश्न

गळाने मासा पकडून परत पाण्यात सोडणारे आता कोल्हापूर भागात बरेच झाले आहेत. या महिन्यात आलेल्या पत्रांतली बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत: मासा सोडायचा ठरवलं होतं, पण त्याने गळ गिळला. म्हणून या वेळचं सदर जवळजवळ सगळं त्यावरच आहे.

प्रश्न : राजाराम बंधाऱ्याजवळ कणकेच्या गोळीवर दीड किलोचा मृगळ लागला. वर घेतला तर गळ ओठात नव्हता, पार घशात होता. नुसता तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, दिसत होता. पक्कड घालून पाचेक मिनिटं खटपट केली, तेव्हा गळ निघाला, पण रक्त आलं. मासा सोडला तो कडेलाच आडवा तरंगत राहिला. गळ आत ठेवून सोडला असता तर आतल्या आत कुजून मेलाच असता ना? मग काढला यात चूक काय झाली?
(वाचक, कसबा बावडा)

उत्तर : गळ काढायचाच, हा हट्ट चुकला. गळ आत राहिलेला मासा मरणारच असं आपल्याकडे जवळजवळ सगळे धरून चालतात. अनुभव आणि प्रयोग दोन्ही याच्या उलट सांगतात. कॅनडात ब्लूगिल नावाच्या छोट्या गोड्या पाण्यातल्या माशावर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. घशात गळ गेलेल्या माशांचे दोन गट केले होते. एका गटातला गळ ओढून काढला, दुसऱ्या गटात फक्त दोरा कापला. दहा दिवसांत पहिल्या गटातले ४४ टक्के मासे मेले, दुसऱ्यातले साडेबारा टक्के. दोरा कापलेल्यांपैकी बहुतेकांनी त्या दहा दिवसांत गळ आपणहून बाहेरही टाकला होता. मृगळ आणि ब्लूगिल वेगळे मासे आहेत, आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. पण घशाजवळ काय काय असतं ते पाहिलं की कारण लगेच कळतं.

माशाचं हृदय आपल्यासारखं छातीत खोल नसतं. ते कल्ल्यांच्या लगेच मागे, घशाच्या खालच्या बाजूला असतं. तिथून निघणारी मोठी रक्तवाहिनी थेट कल्ल्यांत जाते आणि शरीरातलं सगळं रक्त कल्ल्यांतून फिरतं. अन्ननलिका या सगळ्याच्या अगदी वर टेकलेली. यकृतही फार लांब नाही. गळाचं टोक आत रुतलेलं आणि त्याचा उलटा काटा मागे ओढला की मांस फाडतो. तुम्ही वर ओढता तेव्हा जखम याच जागेत होते. त्यात माशाच्या अंगात रक्त किती? साधारण वजनाच्या ३ ते ५ टक्के. एक किलोच्या माशात ३० ते ५० मिली, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासातही मावून जागा उरेल. मग हातावर दिसलेलं दोन चमचे रक्त आपल्याला किरकोळ वाटतं, माशाच्या दृष्टीने ते अंगातल्या रक्ताचा मोठा हिस्सा असतं.

मृगळाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, महसीर या सगळ्यांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात, कल्ल्यांच्या मागे, आणि खाणं तिथेच चिरडलं जातं. पक्कड आत घातली की ती बऱ्याचदा त्या दातांवर आपटते. आपल्याला वाटतं गळ हाताला लागला, आणि आपण घशाचं हाड धरून ओढत असतो.

आत राहिलेल्या गळाचं पुढे काय होतं, याबद्दल दोन समज पक्के बसले आहेत. एक, पोटातल्या आम्लाने गळ विरघळतो. वर सांगितलेल्या माशांना आम्ल तयार करणारं जठरच नसतं, अन्ननलिका सरळ आतड्याला जोडलेली असते. दुसरा, गळ चार दिवसांत गंजून जातो. गोड्या पाण्यात गंजायला त्याला खूप वेळ लागतो. प्रत्यक्षात होतं असं, की गळाभोवतीचं मांस सैल पडतं, मासा खातो-चावतो तसा गळ हलत राहतो आणि एक दिवस निसटतो. नाही निसटला तर मासा त्याच्याभोवती आवरण करून घेतो. तरी आत राहिलाच तर उशिरा का होईना गंजावा, म्हणून गळ साध्या कार्बन स्टीलचा, तांबूस रंगाचा घ्या. स्टेनलेसचा गळ सोडायच्या मासेमारीत वापरूच नका.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण बंधाऱ्यावर ती रोज दिसते. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, लोक भिंतीवरून गळ टाकतात आणि लागलेला मासा दोऱ्यानेच दोन-तीन मीटर वर उचलतात. ओठात गळ असेल तर ओठ फाटतो, घशात असेल तर दीड किलो वजन घशाच्या आतल्या नाजूक मांसावर लटकतं. मासा काठावर येईपर्यंतच त्याचं अर्धं नुकसान झालेलं असतं. भिंतीवरून मासेमारी करायची असेल तर लांब दांड्याची किंवा दोरीने खाली सोडता येणारी जाळी बरोबर हवीच. ती नसेल तर खाली घाटाच्या पायऱ्यांवर, पाण्याच्या बरोबरीला बसा.

प्रश्न : घशात गळ असलेला मासा हाती आला तर नेमकं काय, कोणत्या क्रमाने करायचं? हत्यारं कोणती लागतात?
(वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : चार वस्तू हाताशी हव्यात. हाताशी म्हणजे पिशवीच्या तळाशी नाही, गळ्यात किंवा पट्ट्याला अडकवलेल्या. वाकड्या टोकाची आर्टरी फोर्सेप, २० ते २५ सेंटीमीटर लांब; सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. साधी पक्कड माशाच्या तोंडात शिरत नाही आणि शिरली तर पुढचं काही दिसू देत नाही. दुसरं, साइड कटर. तुम्ही वापरता तोच गळ घरी कापून बघा. पुष्कळ स्वस्त कटरना जाड गळाची तार तुटत नाही, आणि ते नदीवर कळून उपयोग नसतो. तिसरी, लहान टोकाची कात्री. चौथी, रबरी जाळीची हातजाळी. नायलॉनच्या गाठी मारलेल्या जाळीत खवले निघतात, शेपटीचे पंख चिरतात आणि गळ त्या जाळीतच अडकून बसतो.

मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच राहू द्या. हात ओले करा. कोरडा हात, कोरडा टॉवेल, गोणपाट, तापलेला कातळ, वाळू, यातलं काहीही माशाला लागलं की अंगावरची बुळबुळ निघून जाते. ती बुळबुळच त्याची कातडी राखते. ती गेली की आठवड्याभरात त्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी धरते आणि धडधाकट पोहत गेलेला मासा नंतर मरतो, आपल्याला न दिसता.

आता त्याला पाण्यातच हळूच पोट वर करून धरा. बरेचसे मासे उलटे धरले की शांत होतात. तोंड उघडून एकच नजर टाका. गळाची दांडी आणि वाकण दोन्ही दिसतात का? दिसत असतील तर फोर्सेप वाकणाला लावा, दांडीला नाही. आधी गळ आत, आला त्याच्या उलट दिशेला किंचित ढकला म्हणजे उलटा काटा मोकळा होतो, मग मनगट वळवून बाहेर घ्या. टोक मांसातून आरपार बाहेर आलं असेल तर मागे ओढू नका. साइड कटरने टोक उलट्या काट्यासकट कापा, उरलेली दांडी सरळ निघते.

या सगळ्याला प्रयत्न एक, वेळ साधारण १० सेकंद. तेवढ्यात नाही निघाला, किंवा पहिल्या नजरेत नुसता तंगूसच दिसला, तर विचार करत बसू नका. तंगूस ओढून ताणू नका. ताणला की गळ आणखी रुततो. सैल ठेवून कात्री जितकी आत सहज जाईल तितकी घाला आणि गळाच्या शक्य तितक्या जवळ कापा. बाहेर लोंबणारा दोरा ठेवला तर तो झाडाझुडपात, दगडात अडकतो. तंगूस कल्ल्यांच्या फटीतून फिरून आला असेल तर तोही ओढून काढायचा नाही. दोन्ही बाजूंनी कापायचा आणि सुटा झालेला तुकडा अलगद निघाला तरच काढायचा.

गळाच्या वरचा शेवटचा अर्धा मीटर दोरा साधा नायलॉनचाच असू द्या. विणलेला ब्रेडेड दोरा मऊ दिसतो, पण कल्ल्यावर घासला की करवतीसारखा चिरतो.

प्रश्न : आम्ही चार काठ्या लावून घुंगरं बांधतो. घुंगरू वाजलं की पळतो. दहांतले तीन-चार मासे गळ गिळलेलेच असतात. आमिष बदललं की फरक पडेल का?
(वाचक, कागल)

उत्तर : आमिषाने थोडा फरक पडेल, सवय बदलली तर पुष्कळ पडेल. घुंगरू वाजतं तेव्हा माशाने खाणं सुरू करून वेळ होऊन गेलेला असतो. दोरा ढिला असेल तर त्याला गळाचा ताण कळतच नाही, तो निवांत गिळतो. घुंगरू वाजल्यापासून तुम्ही काठी उचलेपर्यंत १०-१५ सेकंद गेले तर कणकेची गोळी घशात पोचलेली असणारच. चारऐवजी दोनच काठ्या लावा, दोन्हीजवळ बसा, दोरा ताणून ठेवा. गळ गिळण्याचं प्रमाण एवढ्यानेही उतरेल.

आणि ती स्प्रिंग. पेंड-कणकेचा गोळा भरलेल्या स्प्रिंगभोवती पाच-सहा गळ लोंबकळणारी जोडणी आपल्याकडे सर्रास विकली जाते. मासा सोडायचा असेल तर ती अजिबात वापरू नका. एक गळ तोंडात जातो, बाकीचे मासा दमवताना डोळ्यात, कल्ल्यात, पोटाला टोचतात. सोडायच्या मासेमारीत एका दोऱ्याला एकच गळ असावा.

रोहू, मृगळ, सायप्रिनससाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे हेअर रिग. यात आमिष गळावर नसतंच. गळाच्या वाकणापासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब एक बारीक दोरा सोडायचा आणि आमिष त्यात ओवायचं. हे मासे खाणं तोंडात ओढतात, चाचपतात, नको वाटलं तर फुंकून टाकतात. फुंकताना उघडा गळ खालच्या ओठात बसतो. कणीक या दोऱ्यावर टिकत नाही. हरभरा रात्रभर भिजवून अर्धा तास उकडा, दाणा मऊ झाला पण फुटला नाही असा. मका घेतला तर पूर्ण दिवस भिजवा आणि पाऊण तास उकडा. दोन दाणे ओवले की पुरे. शिसं ५० ते ६० ग्रॅमचं लावा म्हणजे त्याच्या वजनाने गळ आपोआप बसतो, पण ते अशा क्लिपवर बसवा की मुख्य दोरा तुटला तर शिसं सुटून पडेल. दोरा तुटून ६० ग्रॅम शिसं ओढत फिरणारा मासा हा आपण करून ठेवलेला सगळ्यात वाईट प्रकार आहे.

गांडूळ, कोंबडीचं आतडं, छोटा मासा असं आमिष लावणार असाल तर सर्कल हुक घ्या. याचं टोक दांडीकडे वळलेलं असतं. गिळला तरी ताण आल्यावर तो घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. दुकानात घेताना गळ काचेवर आडवा ठेवून बघा: सपाट बसला तर चांगला, टोक एका बाजूला उचललेलं असेल तर घेऊ नका, तो घशातच रुततो. आणि सर्कल हुकला हिसका द्यायचा नसतो. मासा ओढतोय असं दिसलं की काठी तशीच धरून रीळ फिरवत दोरा ताणत न्या. पूर्वीच्या सवयीने हिसका दिला की गळ तोंडातून रिकामा निघतो, आणि मग लोक म्हणतात हे गळ बेकार आहेत.

गळ कोणताही असो, उलटा काटा पकडीने दाबून टाका. पुरता दाबला गेला का हे बघायला गळ सुती कापडातून ओढा. धागा अडकला तर अजून थोडं दाबायचं राहिलंय. मासा निसटेल ही भीती दोरा ताणून ठेवला तर बहुतेक वेळा खोटी ठरते.

प्रश्न : कल्ल्यातून रक्त येत असेल तर थंड सोडा ओतला की थांबतं, असे व्हिडिओ बघितले. खरं आहे का?
(वाचक, हातकणंगले)

उत्तर : नाही. सोड्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो आम्लधर्मी असतो. ज्या अवयवाने मासा श्वास घेतो त्यावरच आपण ते ओततो. परदेशात पाईक माशांवर हे मुद्दाम करून पाहिलं गेलं, त्यात काही फायदा दिसला नाही. व्हिडिओत रक्त थांबल्यासारखं दिसतं, कारण मासा हवेत धरलेला असतो. पाण्याबाहेर कल्ले एकमेकांना चिकटतात, रक्तप्रवाह मंदावतो. तोच मासा पाण्यात गेला की पुन्हा रक्त सुरू होतं, पण तेव्हा कॅमेरा बंद झालेला असतो.

रक्त थोडं असेल तर मासा ताबडतोब पाण्यात सोडा. गार, वाहत्या पाण्यात ते गोठायची शक्यता जास्त. कल्ल्यांतून धार लागली असेल आणि कल्ल्यांचा लाल रंग फिकट गुलाबी होत चालला असेल, तर तो मासा जगणार नाही. तो सोडून देणं म्हणजे फक्त आपल्या डोळ्यांआड मरू देणं. जिथे मासा नेण्यास मनाई नाही तिथे त्याला लगेच मारा आणि घरी न्या. मारायचं म्हणजे पिशवीत तडफडत ठेवायचं नाही. जड दांडक्याचा एकच पक्का फटका, डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला. कल्ल्यांची उघडझाप थांबली आणि मासा फिरवला तरी डोळा फिरत नसेल, की तो बेशुद्ध झाला. मग कल्ले कापून रक्त जाऊ द्या. जिथे सोडणं बंधनकारक आहे तिथे नियम पाळून सोडा आणि त्या दिवशी गळ गुंडाळा.

प्रश्न : मरळीसाठी रबरी बेडूक वापरतो, त्याला दोन टोकांचा गळ असतो. कधी कधी तो कल्ल्याजवळ रुततो. मरळ बाहेरही श्वास घेते म्हणतात, मग सावकाश काढला तर चालेल का?
(वाचक, शाहूवाडी)

उत्तर : मरळ हवेतला श्वास घेते हे खरं. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी पोकळी असते. त्यामुळे रोहूपेक्षा तिच्याकडे वेळ थोडा जास्त असतो. पण कातडी सुकणं, बुळबुळ जाणं आणि कल्ला फाटणं यातलं काहीच त्यामुळे थांबत नाही. दोन टोकांपैकी जे मोकळं आहे ते आधी साइड कटरने कापून टाका, नाहीतर झटक्यासरशी ते तुमच्या बोटात आणि दुसरं माशाच्या कल्ल्यात, अशी दोघांची गाठ बसते. मग रुतलेली बाजू वाकणाजवळ कापा. गळाची किंमत माशापुढे काहीच नाही. मरळीला दात असतात, तोंडात बोट घालू नका.

याहून महत्त्वाचं म्हणजे पिल्लांचा थवा. उथळ पाण्यात तांबूस-केशरी पिल्लांचा गोळा वर-खाली होताना दिसला तर त्याच्याखाली आईबाप राखणीला असतात. ते बेडकावर येतात ते भुकेने नाही, पिल्लं वाचवायला. तिथे गळ टाकू नका. चुकून लागलीच तर त्याच जागी, लगेच सोडा. पालक दूर गेला की बाकीचे मासे त्या थव्याचा फडशा पाडतात.

प्रश्न : कृष्णेत गांडुळावर वाम लागते आणि दर वेळी गळ पार पोटात. ती हाताला वेटोळी घालते, धरताच येत नाही.
(वाचक, शिरोळ)

उत्तर : वाम गांडूळ चावत नाही, सरळ आत ओढते, म्हणून तिच्या बाबतीत गळ आत जाणं हे जवळजवळ ठरलेलंच असतं. गळ काढायचा प्रयत्नच करू नका. हातातही घेऊ नका: पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते आणि वेटोळं घालताना ते काटे तळव्यात शिरतात. जाळीतच, पाण्यात ठेवून तोंडाजवळ तंगूस कापा. रात्री गांडूळ लावून तळाला गळ सोडला की वामच लागते आणि ती गिळतेच, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग ती खायची नसेल तर तसा गळ टाकू नये.

शिंगाळा आणि इतर काटेरी मिशाळ माशांनाही हेच लागू. त्यांचे पाठीचे आणि कडेचे काटे ताठ उभे राहून अडकतात. हात लावायचाच असेल तर काट्यांच्या मागून धरा.

प्रश्न : चिलापीने गळ गिळला तर तिच्यासाठीही एवढं सगळं करायचं का?
(वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही. चिलापी आपल्या नदीतली नाही, आफ्रिकेतून आलेली आहे. भारतात ती १९५२ साली आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती कुठेही टिकते आणि वाढते. गळ काढताना तिच्या तोंडातून पिवळसर अंडी सांडली तर दचकू नका, ती तिचीच. चिलापी परत नदीत सोडू नका. वर सांगितल्याप्रमाणे फटका मारून लगेच संपवा. खायची की नाही हे पाणी बघून ठरवा. पंचगंगेत उन्हाळ्यात, प्रवाह तुटल्यावर, फेसाळ किंवा रंगीत पाण्यातला कोणताही मासा खाऊ नये. आफ्रिकन मांगूर लागला तर तोही सोडायचा नाही. त्याच्या पालनावर बंदी आहे ती याच कारणाने: तो इतर माशांना खाऊन संपवतो.

प्रश्न : धरणाच्या खोल पाण्यातून काढलेल्या माशाचं पोट फुगलेलं असतं. सुई टोचून हवा काढावी का?
(वाचक, राधानगरी)

उत्तर : टोचू नका. रोहू, कटला, महसीर यांची हवेची पिशवी अन्ननलिकेला नळीने जोडलेली असते, जास्तीची हवा ते तोंडावाटे सोडतात. पोट फुगलेलं दिसतं ते बहुधा दमताना वर येऊन गिळलेल्या हवेने, किंवा पावसाळ्यापूर्वी गाबोळीने. मासा सरळ धरून पाण्यात ठेवला की हवा बुडबुड्यांनी निघते. सुई मात्र आतडं आणि गाबोळी भोसकते. तुमच्या भागासाठी एक सांगणं: अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकायचाच नाही. बाहेरच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो, तिची परवानगी आधी घ्या. आणि पहिल्या पुरात चढणीचे मासे वर येतात ते अंडी घालायला. त्या आठवड्यांत गळ घरीच ठेवा.

प्रश्न : खायचा नसेल तर पकडायचाच कशाला? जखम करायची आणि मग काळजी घेतल्याचं समाधान मानायचं, हे पटत नाही.
(वाचक, राजारामपुरी)

उत्तर : तुमचा आक्षेप खोटा नाही. माशाला काही कळत नाही असं म्हणून तो टाळता येत नाही. २००३ साली ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा टिपणारे चेतातंतू दाखवले गेले, आणि गळ बरोबर तिथेच बसतो. स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडण्याच्या हेतूने मासा पकडायला कायद्यानेच मनाई आहे.

आमचं मत असं. गळ टाकणारे लोक नदीवर असतात म्हणून पाणी कधी काळं पडलं, मासे कधी वर येऊन तोंडं उघडू लागले, हे आधी त्यांनाच दिसतं आणि ते ओरडतात. ही माणसं नदीवर राहावीत असं आम्हाला मनापासून वाटतं. पण त्याची किंमत माशाने मोजायची तर ती कमीत कमी असली पाहिजे. म्हणून एक गळ, दाबलेला काटा, जवळ बसणं, आणि गिळला तर कापणं हे पाळणार नसाल, तर सोडण्यासाठी मासेमारी करू नये. त्यापेक्षा दोन मासे पकडून खाऊन घरी जाणारा माणूस जास्त प्रामाणिक आहे. एप्रिल-मेच्या दुपारी तर कोणीच गळ टाकू नये. २० अंश पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. तुंबलेल्या, घाण पाण्यात त्याहून कितीतरी कमी. अशा पाण्यात दमलेला मासा, ओठात गळ लागलेला असला तरी, सावरत नाही. पहाटे जा आणि ऊन चढायच्या आत उठा.

प्रश्न : मासा पाण्यात धरून पुढे-मागे हलवतो, तरी काही मासे थोडं जाऊन उलटे होतात. सोडायला तयार आहे हे ओळखायचं कसं?
(वाचक, पन्हाळा)

उत्तर : पुढे-मागे हलवणं आधी बंद करा. मागे ओढला की पाणी कल्ल्यांत उलट्या बाजूने शिरतं. वाहत्या पाण्यात माशाचं तोंड प्रवाहाकडे करून नुसता सरळ धरा. एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीच्या मुळाशी, मुठीत आवळून नाही. साचलेल्या पाण्यात धरायचं असेल तर फक्त पुढे, संथपणे, मोठ्या वळणाने फिरवा. फोटो हवाच असेल तर तो याच वेळी, मासा पाण्यात असताना काढा. पाण्याबाहेर १० सेकंदांवर जाऊ नका.

तयारी ओळखायला तीन गोष्टी बघा. मासा किंचित कुशीवर कलवा: शुद्धीवरच्या माशाचा डोळा पाण्याच्या पातळीकडे बघायला फिरतो. डोळा शरीराबरोबर तसाच, चित्रातल्यासारखा, कललेला राहिला तर अजून वेळ आहे. हात सैल करा: तो आपणहून सरळ उभा राहायला हवा. मग शेपटीचं मूळ दोन बोटांनी हलकेच दाबा: त्याने झटका मारून सुटायला हवं. तिन्ही झालं तर हात काढून घ्या, ढकलू नका. दहा मिनिटं धरूनही डोळा फिरत नसेल आणि कल्ले एका लयीत उघडझाप करत नसतील, तर तो सावरणार नाही. मग रक्तस्रावाच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे करा.